वारसा कोणाचा?

फिलिप मायर यांची 'द सन' ही टेक्सासमधील एका घराण्याची कादंबरी २०१३ सालीं प्रसिद्ध झाली. पराक्रमी मूळपुरुषाची गाथा म्हणून तिची वाहवा करणारे वाचक पुष्कळ भेटतात. ही वाहवा आम्हांस पुस्तकाचा अपमान वाटतो.

मूळपुरुष कर्नल ईलाय मॅकलो. १८४९ सालीं कोमांचे लोक त्याच्या आईबहिणीस ठार करून त्याला पळवून नेतात. त्यांच्यांत तो वाढतो, परत येतो, गुराढोरांच्या व जमिनीच्या जोरावर संस्थान उभें करतो आणि शंभर वर्षें जगतो. एवढ्यावरच भुलणारास शौर्य तेवढें दिसावें, हें साहजिक आहे. परंतु कादंबरीचें मर्म त्याचा मुलगा पीटर याच्या १९१५ सालच्या रोजनिशींत आहे. गुरांच्या चोरीचें निमित्त होऊन कर्नल व त्याचे सोबती शेजारच्या गार्सिया कुटुंबाची कत्तल करतात, आणि त्यांची जमीन मॅकलोंच्या कुरणास जोडली जाते. मारिया तेवढी वांचते.

हा केवळ कल्पनाविलास असता तर गोष्ट निराळी. रिओ ग्रांदेच्या कांठीं त्या सुमारास मेक्सिकन वंशाच्या लोकांचें शिरकाण खरोखरच झालें. पोरव्हेनीर येथें जानेवारी १९१८ मध्यें पंधरा पुरुष व मुलगे गोळ्या घालून मारले गेले, आणि मारणारांत टेक्सास रेंजर्स, म्हणजे कायद्याचे रक्षकच, होते. आमदार होसे कानालेस यांच्या आरोपांवरून १९१९ सालीं चौकशीही झाली.

कोणी म्हणेल, ती भूमि ज्यानें त्यानें आधीच्याकडून हिसकावूनच घेतलेली. मग एकट्या मॅकलोंस बोल कां? कर्नलचा युक्तिवाद नेमका हाच, आणि आमचे रसिक तो तत्त्वज्ञान म्हणून डोक्यावर घेतात! दहा हात बदललेला चोरीचा माल अकराव्या हातीं पवित्र होतो काय?

पीटर दुबळा आहे, हा दुसरा आक्षेप. बापास अडविण्याचें बळ त्याच्यांत नाहीं, हें कबूल. पण घडलें तें लिहून ठेवणारा त्या घरांत तोच एक. दोष द्यावयाचा तर मायर यांस द्यावा. त्यांनीं बापाला घोडा, बंदूक आणि विनोदबुद्धि सारें कांहीं दिलें, व लेकाच्या वांट्यास बहुधा उसासेच ठेवले. (आमच्याकडील कुलवृत्तान्तांतही मूळपुरुषास इनाम मिळाल्याची नोंद ठळक असते, ती जमीन पूर्वीं कोण कसत होता, हें पान सहसा आढळत नाहीं.)

पीटर अखेर घर सोडून मारियाकडे जातो. त्या दोघांचा वंशज यूलिसिस पुढें कागदपत्रें घेऊन पीटरची नात जीनी हिच्या दारीं येतो. तेलाच्या धंद्यांत पुरुषांस पुरून उरलेली ही बाई वंश कोण चालविणार या चिंतेनें आयुष्यभर जळत असते. ती त्याला ओळख देत नाहीं.