सूर्याला पडदा आणि मोसमी पाऊस

पृथ्वीचे वाढते तपमान आवरण्यासाठी सूर्यप्रकाशाचा अल्पसा अंश अवकाशात परत धाडावा, असा विचार जगातील काही शास्त्रज्ञांत चालू आहे. त्यास सौर भू-अभियांत्रिकी असे म्हणतात. विमानांच्या साहाय्याने सुमारे २० किलोमीटर उंचीवर, स्थितांबर नावाच्या वातावरणाच्या थरात, गंधकाचा वायू सोडावयाचा. त्यापासून गंधकाम्लाचे अतिसूक्ष्म तुषार तयार होतात आणि ते वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ तरंगत राहून सूर्यकिरणांचा काही भाग परतवितात, अशी ही कल्पना होय. शेतकरी बंधूंना हा विषय फार दूरचा वाटेल. परंतु ज्या प्रदेशातील चार पंचमांश शेती कोरडवाहू आहे व जेथे मृगाच्या सरींवर वर्षाचा संसार उभा राहतो, त्या प्रदेशाने तरी या पडद्याविषयी बेफिकीर राहणे योग्य नव्हे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. कृत्रिम पाऊस पाडण्याचे प्रयोग आणि ही योजना या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने २०१८ व २०१९ साली सोलापूर भागात विमानातून ढगांत कण सोडून प्रयोग केले. त्यांचा परिणाम झालाच तर त्या त्या ढगापुरता व काही तासांपुरता असतो. स्थितांबरातील गंधक मात्र सर्व पृथ्वीभोवती पसरते. ते एका देशाने सोडले, तरी सावली सर्वांच्या शेतांवर पडते.

या सावलीचा दाखला निसर्गानेच दिलेला आहे. फिलिपाइन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीचा १९९१ च्या जून महिन्यात प्रचंड स्फोट झाला आणि दीड ते दोन कोटी टन गंधक-वायू स्थितांबरात गेला. पुढील वर्षी पृथ्वीचे सरासरी तपमान सुमारे अर्धा अंश सेल्सिअस उतरले. योजनेचे पुरस्कर्ते एवढाच भाग सांगतात. परंतु केव्हिन ट्रेनबर्थ व आयगुओ दाई या शास्त्रज्ञांनी २००७ साली दाखवून दिले, की स्फोटानंतरच्या वर्षात जगातील भूभागावरील पाऊस आणि नद्यांतून समुद्रास मिळणारे पाणी ही दोन्ही लक्षणीय प्रमाणात घटली होती. त्या सुमारास एल निनोही होता. त्याचा परिणाम वेगळा काढूनही घट शिल्लक राहिली.

असे का व्हावे? मोसमी वारा ओढून आणणारी शक्ती म्हणजे उन्हाने तापलेली जमीन आणि तिच्या मानाने थंड असलेला समुद्र यांतील अंतर होय. पडदा धरला की जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते व ही ओढ मंदावते. दुसरे कारण बाष्पीभवनाचे. चुलीवरील भांड्यावर घोंगडे टाकून जाळ कमी केला, तर पाण्याची ऊब कायम ठेवता येईल. पण वाफ पूर्वीइतकी निघणार नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइड हे घोंगडे आहे आणि सूर्य हा जाळ आहे. घोंगडे तसेच ठेवून जाळ कमी केल्यास तपमान जुळते, पाऊस जुळत नाही. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आलेले प्रा. गोविंदसामी बाला यांनी सहकाऱ्यांसह २००८ साली हे तत्त्व गणिताने मांडले. नंतर अनेक देशांच्या संगणक-प्रतिमानांनी कार्बन डायऑक्साइड चौपट करून व सूर्य तेवढाच मंद करून पाहिले, तेव्हा तपमान मूळ पदावर आले. परंतु जगाचा पाऊस सरासरीने सुमारे साडेचार टक्के कमी भरला.

त्याहून महत्त्वाची बाब ही, की गंधक कोठे सोडले जाते यावरही पुष्कळसे अवलंबून आहे. केवळ उत्तर गोलार्धात पडदा धरला, तर पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो. ब्रिटनमधील संशोधकांनी २०१३ साली दाखविले, की आफ्रिकेतील साहेल प्रदेशाच्या विसाव्या शतकातील अनेक तीव्र अवर्षणांच्या आधी उत्तर गोलार्धात मोठे ज्वालामुखी-स्फोट झाले होते. प्रा. बाला यांच्याच गटाने २०१८ साली असे मांडले, की केवळ उत्तर ध्रुवाकडे कण सोडल्यास उत्तर गोलार्धातील मोसमी पाऊस घटतो. दक्षिणेसही योग्य प्रमाणात सोडल्यास ही घट बरीचशी टळू शकते. म्हणजे आपल्या शिवारात पडणारा पाऊस हा, एखाद्या परक्या देशाचे विमान कोणत्या अक्षांशावर उडते, यावर अवलंबून राहील.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. पडदा नाही म्हणून पाऊस सुरक्षित आहे, असे नव्हे. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या, असे पुण्यातील डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली सिद्ध केले. दीर्घ उघडीप आणि मग एका दिवसात माती वाहून नेणारा पाऊस, हे हाल आपण भोगतच आहोत. तापमानवाढ अर्ध्यानेच कमी होईल इतका सौम्य पडदा धरल्यास फारच थोड्या प्रदेशांची स्थिती बिघडेल, असा निष्कर्ष २०१९ सालच्या एका अभ्यासाने काढला आहे. तेव्हा या विषयाचा अभ्यासच करू नये, असे म्हणणे शहाणपणाचे होणार नाही.

मग आक्षेप कोणता? आक्षेप असा, की या योजनेमुळे होणारे नुकसान सिद्ध करता येणार नाही. भारतात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी ८७ सेंटिमीटर पाऊस पडतो, आणि तो आपल्या स्वभावानेच दर वर्षी सुमारे दहा टक्के इकडे-तिकडे होत असतो. समजा, पडद्यामुळे त्यात चार टक्के तूट आली. एका गुंठ्यावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे शंभर लिटर पाणी. या हिशेबाने ही तूट एकरी सुमारे एक लाख चाळीस हजार लिटर होईल. ज्वारी पोटरीत असताना एवढे पाणी हुकले, तर दाणा भरत नाही. तरीही ती तूट वर्षावर्षांच्या चढउतारात बुडून जाईल व निसर्गाची की माणसाची हे ठरविण्यास अनेक दशकांच्या नोंदी लागतील. तोवर गावाची पैसेवारी नेहमीप्रमाणे निघेल, पण परदेशाकडून भरपाई मागण्यास पुरावा कोठून आणावयाचा? ज्या नुकसानीचा पुरावा मागाहून मिळत नाही, तेथे संमती आधी घेतली पाहिजे. न्यायाचा हा साधा नियम आहे.

आज ही संमती घेण्याची बंधनकारक व्यवस्था नाही. जैविक विविधता कराराच्या सदस्य राष्ट्रांनी २०१० साली जपानमधील नागोया येथे अशा प्रयोगांवर संयम ठेवण्याचे ठरविले. परंतु अमेरिका त्या कराराची सदस्य नाही. एका खाजगी अमेरिकन कंपनीने गंधक-वायूचे फुगे सोडल्याचे कळताच मेक्सिकोने जानेवारी २०२३ मध्ये असे प्रयोग रोखण्याचे जाहीर केले. २०२४ साली नैरोबी येथील संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण सभेत या विषयावरील ठराव एकमताअभावी मागे घ्यावा लागला. शिवाय एकदा धरलेला पडदा अकस्मात काढला, तर दबलेली उष्णता काही वर्षांतच उसळून वर येते. म्हणजे एकदा हाती घेतलेले हे काम पिढ्यान्‌पिढ्या सोडता येत नाही.

आमच्या मते भारताची भूमिका तीन गोष्टींवर उभी असावी. आपल्या पावसाचा अभ्यास आपल्या संस्थांनी स्वतः करावा. परक्यांच्या गणितावर विसंबू नये. मोसमी पावसावर जगणाऱ्या राष्ट्रांची पूर्वसंमती असल्यावाचून कोणासही पडदा धरण्याची मुभा नसावी. आणि पडद्याच्या आशेवर धूर कमी करण्याचे काम कोणीही लांबणीवर टाकू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांच्या हाती यातील एक मोठे काम आहे. महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे बसली असली, तरी एकाच मंडळातील दोन गावांच्या पावसात किती अंतर पडते, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. म्हणून गावात पर्जन्यमापक मोकळ्या जागी बसवावा, रोज सकाळी साडेआठ वाजता मोजणी करावी, कोरडा दिवसही शून्य म्हणून लिहावा आणि वही जपून ठेवावी. पेरणीचा दिवस व उघडिपीचे दिवसही तीत असावेत. शेतकरी बंधूंनी बांधबंदिस्ती व शेततळी यांनी पडेल तो थेंब राखावा. पाऊस कोणत्याही कारणाने कमी झाला, तरी हे श्रम वाया जात नाहीत. उद्या आपल्या पावसाविषयी जगाच्या सभेत वाद उभा राहिला, तर आपल्या बाजूने बोलणारा साक्षीदार ही वहीच असेल. ती आजपासून लिहावयास घ्यावी.