हंगामापूर्वींची कीर्ति

पेरणी होण्यापूर्वींच खळ्यावरील राशीचें माप घेऊं लागणाऱ्या शेतकऱ्यास कोणी शहाणा म्हणणार नाहीं. तथापि अमेरिकेंतील विद्यापीठांच्या फुटबॉलविषयीं दरवर्षीं ऑगस्ट महिन्यांत असाच प्रकार घडतो. सामन्यांस आरंभ होण्यापूर्वींच तेथील वृत्तपत्रें चढाईच्या उत्तम खेळाडूंच्या याद्या छापतात, त्यांचे क्रम लावितात, आणि वर्षाचें मोठें पारितोषिक कोणास मिळणार याचा निवाडाहि देऊन मोकळीं होतात. या याद्या वाचावयास मौजेच्या असतात, हें खरें. परंतु त्यांत दोन दोष आहेत, असें माझें मत आहे. एक, न केलेल्या कामाची मजुरी त्या आगाऊ देतात. आणि दुसरा, ज्यांच्या बळावर तें काम व्हावयाचें, त्यांसच त्या विसरतात.

ज्यांस या खेळाची ओळख नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगणें अवश्य आहे. आपण पायांनीं खेळतों तो हा फुटबॉल नव्हे. येथें चेंडू लांबट असून तो बहुधा हातांत घेऊन पळावयाचा किंवा हातानें फेकावयाचा असतो. दोन्ही बाजूंस अकरा अकरा गडी. मैदान १०० यार्ड लांब. चढाई करणाऱ्या पक्षास दहा यार्ड पुढें सरकण्यासाठीं चार संधि मिळतात. तेवढ्यांत तें न साधलें तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला म्हणजे टचडाऊन, आणि त्याचे सहा गुण. चढाईचा सूत्रधार तो क्वार्टरबॅक. १९०६ सालीं चेंडू पुढें फेकण्यास नियमानें मुभा मिळाली, तेव्हांपासून त्याचें महत्त्व वाढतच गेलें. चेंडू घेऊन पळणारे आणि फेकलेला चेंडू झेलणारे हे त्याचे साथीदार. या सर्वांच्या पुढें पांच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे असतात. अंगावर येणाऱ्या प्रतिपक्षास थोपवून धरणें हें त्यांचें काम; पुढें फेकलेला चेंडू झेलण्याची त्यांस सामान्यतः परवानगीहि नसते. टाळ्या पडतात त्या मागच्यांना. धक्के बसतात ते या पांचांना.

पहिल्या दोषाचें ताजें उदाहरण २०२५ च्या हंगामाचें आहे. असोसिएटेड प्रेसच्या हंगामापूर्वींच्या क्रमवारींत टेक्सास विद्यापीठाचा संघ पहिला होता, आणि त्याचा तरुण क्वार्टरबॅक आर्च मॅनिंग याचें नांव सर्वतोमुखीं झालें होतें. आजोबा आर्ची आणि काका पेटन व एली, असे तिघेहि या खेळांतील नामांकित क्वार्टरबॅक. तेव्हां नातवानेंहि तसेंच चमकावें, असें सर्वांनीं गृहीत धरिलें. पण पहिल्याच सामन्यांत ओहायो स्टेटनें टेक्सासला १४–७ असें हरविलें, आणि ज्यांनीं त्या मुलास डोक्यावर घेतलें होतें तेच त्याचे दोष मोजूं लागले. पुढें त्याचा खेळ सुधारला, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. त्याचा अपराध एवढाच कीं, लोकांनीं त्याच्या नांवें काढलेली हुंडी त्यास पहिल्या दिवशीं वटवितां आली नाहीं. त्या वर्षीं हाइस्मन पारितोषिक मिळालें तें इंडियाना विद्यापीठाच्या फर्नांडो मेंडोझा यास. कित्येक दशकें पराभवांबद्दलच प्रसिद्ध असलेल्या त्या विद्यापीठाच्या संघास हंगामापूर्वीं पहिल्या दहांतहि स्थान नव्हतें. तोच संघ एकहि सामना न हरतां जानेवारी २०२६ मध्यें राष्ट्रीय विजेता ठरला.

२०१९ ची गोष्टहि अशीच आहे. त्या उन्हाळ्यांत बोलबाला होता तो क्लेमसनच्या ट्रेव्हर लॉरेन्सचा आणि अलाबामाच्या टुआ टागोवायलोआचा. लुइझियाना स्टेटचा जो बरो हा पूर्वीं ओहायो स्टेटमध्यें असतां तेथें त्यास मुख्य जागा मिळाली नव्हती, आणि २०१८ च्या हंगामांत त्याच्या फेकीवर अवघे १६ टचडाऊन झाले होते. पुढच्या हंगामांत ते ६० झाले! त्याच्या संघानें पंधराहि सामने जिंकले, आणि अखेरच्या सामन्यांत लॉरेन्सच्याच क्लेमसनला ४२–२५ असें हरविलें. ऑगस्टमधील कोणत्या यादीवरून हें भाकीत करतां आलें असतें?

आतां दुसरा दोष. ऑक्टोबर १९२४ मध्यें नोटर डेम विद्यापीठानें सैनिकी विद्यालयाच्या आर्मी संघास १३–७ असें हरविलें, तेव्हां ग्रँटलंड राइस या लेखकानें विजयी पक्षाच्या मागील चार गड्यांस बायबलांतील चार घोडेस्वारांची उपमा दिली. तें नांव अजरामर झालें. त्यांच्यासाठीं वाट मोकळी करून देणाऱ्या पुढील सात गड्यांस मात्र ‘सात खेचरें’ हें नांव पडलें! सांगतात कीं, संघाचे गुरु न्यूट रॉकनी यांनीं एकदां या घोडेस्वारांपुढें दुय्यम फळी उभी केली, तेव्हां त्यांची दौड जागच्या जागींच थांबली. गोष्टींत कांहीं अतिशयोक्ति असेलहि. परंतु तिच्यांतील तथ्य कोणताहि जाणता खेळाडू नाकारणार नाहीं.

हाइस्मन पारितोषिक १९३५ पासून दिलें जात आहे. पण चढाईच्या भिंतींतील गड्यास तें आजवर मिळालेलें नाहीं. १९७३ सालीं ओहायो स्टेटचा जॉन हिक्स दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोंचला, एवढेंच. अशा गड्यांसाठीं १९४६ पासून आउटलंड पारितोषिक आहे, आणि २०१५ पासून जो मूर नांवाचें एक पारितोषिक सबंध फळीस मिळून देण्यांत येतें. २०१९ सालीं तें कोणास मिळालें? बरोच्या पुढें उभ्या असलेल्या लुइझियाना स्टेटच्या फळीस! साठ टचडाऊनांचें अर्धें रहस्य यांत आहे. हाइस्मन स्वीकारतांना बरोनें आपल्या या गड्यांचे आभार मानिले, हें त्याच्या शहाणपणास शोभण्यासारखेंच झालें.

कोणी म्हणेल, ही तर करमणूक. तिचें एवढें काय मनावर घ्यावें? पण ती आतां निव्वळ करमणूक राहिलेली नाहीं. २०२१ पासून या विद्यार्थ्यांस आपल्या नांवाच्या व छायाचित्राच्या उपयोगाबद्दल पैसे घेण्याची मुभा मिळाली, आणि २०२५ पासून विद्यापीठेंहि त्यांस आपल्या उत्पन्नांतून वांटा देऊं शकतात. ज्यांच्या श्रमांवर इतरांनीं धन मिळविलें त्यांसहि कांहीं मिळावें, हें योग्यच आहे. परंतु त्यामुळें यादींतील नांवास बाजारभाव आला, आणि एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर कीर्तीबरोबर पैशाचेंहि ओझें पडलें.

पहिलें हाइस्मन पारितोषिक शिकागो विद्यापीठाच्या जे बरवँगर यास मिळालें. १९३६ मध्यें धंदेवाईक संघांनीं प्रथमच खेळाडूंची निवड केली, तींत पहिलें नांव त्याचेंच होतें. तरी तो धंदेवाईक खेळला नाहीं. पुढें त्यानें स्वतःचा व्यवसाय उभारिला व सन्मानानें आयुष्य घालविलें. तें पारितोषिक त्याच्या एका नातलग बाईच्या घरीं दार उघडें ठेवण्यासाठीं टेकू म्हणून कांहीं काळ वापरांत होतें, असें सांगतात. कीर्तीचा याहून चांगला उपयोग क्वचितच झाला असेल!

विद्यार्थिमित्रांनो, खेळ आवडीनें पाहा, उत्तम खेळाडूंचें कौतुकहि करा. पण तें हंगाम संपल्यावर करा, आणि चेंडू ज्याच्या हातीं आहे त्याच्यापुढें कोण उभा आहे तेंहि पाहावयास शिका. आणि पालकांस एक विनंति. परीक्षेस दोन महिने असतांच “आमचा मुलगा पहिला येणार” असें पाहुण्यांस सांगण्याचा मोह आवरावा. तो पहिला आला तर तें नंतरहि सांगतां येईल; न आला तर त्याच्या मनावर दुहेरी भार तरी पडणार नाहीं. आणि जो पहिला येईल त्याच्या पाठीशीं पहांटे उठून चूल पेटविणारी आई व गणित समजावून देणारा शेजारचा सोबती असतो. त्यांचेंहि नांव त्या दिवशीं घरांत निघावें.