शाळेचं कपाट उघडायला या

गावकरी मंडळी, आणि पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईला गेलेल्या आपल्या भावंडांनो,

येत्या 1 मेला शाळेत झेंडावंदन, मग मुलांचा निकाल आणि लगेच ग्रामसभा. दरवर्षी निम्मे लोक निकाल हातात पडला की घराकडे वळतात. या खेपेला कुणी उठू नका. शाळेची वीज तोडलेली आहे. दुसऱ्या दिवसापासून सुट्टी लागेल, आणि हा विषय जूनवर गेला तर आणखी एक वर्ष गेलंच म्हणून समजा.

ज्यांनी बरेच दिवस शाळेत डोकावलं नसेल त्यांना सांगतो. लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात प्रोजेक्टर आहे, जुन्या टॉवेलात गुंडाळलेला. शेजारी दोन टॅबलेट. त्यातल्या एकाची बॅटरी फुगून काच उचकटली आहे. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी कुणी घातलं नाही, ती गेल्या उन्हाळ्यातच बसली. भिंतीवरच्या टीव्हीवर आता सुविचाराचा कागद डकवलाय. हे सगळं आपणच वर्गणी काढून आणलं होतं. फाटकावर ‘डिजिटल शाळा’ असं रंगवून घेतलं, फीत कापली, पेढे वाटले. बिल कोण भरणार, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. मीही नाही, आणि मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे.

हिशेब साधा आहे. तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला 10,000 रुपये अनुदान आहे. आपला पट 28. खडू, रजिस्टरं, नळाची तोटी, स्वच्छतेचं सामान, सगळं त्यातूनच. विजेला उरणार काय?

मग शाळेच्या बाई स्वतःचा मोबाइल काढतात. परवा तिसरीच्या मुलांना समुद्र दाखवायचा होता. पाझर तलावापलीकडे पाणी न पाहिलेली आपली पोरं. सहा इंचांच्या त्या काचेवर पुढच्या पाच-सहा जणांना लाटा दिसल्या. तेवढ्यात वरून ‘माहिती तातडीने पाठवा’ असा निरोप येऊन लाटेवर बसला. मागून एका पोराने विचारलं, “बाई, पाऊस पडतोय का?” त्याच्यापर्यंत नुसता आवाज पोचला होता.

सगळंच पडद्यावर शिकवा असं मी म्हणत नाही. पहिलीच्या पोराला बेरीज शिकवायला चिंचोके पुरतात, आणि कोरोनाच्या काळात ऑनलाइन शाळेचे काय हाल झाले ते आपण पाहिलंय: फोन बापाच्या खिशात, बाप रानात. पण समुद्र चिंचोक्यांनी दाखवता येत नाही, धडधडणारं काळीज फळ्यावर काढता येत नाही. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडसाठी रोज नेटसुद्धा लागत नाही. दीक्षा ॲपवरचे पाठ रेंज मिळेल तिथे एकदा उतरवून घेतले की वर्गात तसेच चालतात. हा क्यूआर कोड पुस्तकात आणण्याच्या खटपटीत पुढे होते ते रणजितसिंह डिसले, माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे गुरुजी, 2020 च्या ग्लोबल टीचर प्राइझचे मानकरी. त्यांची शाळाही जिल्हा परिषदेचीच.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून घरोघरचे टीव्ही-मोबाइल बंद करायला सुरुवात केली, पोरांनी अभ्यासाला बसावं म्हणून. आपल्याकडे उलटं आहे. घरातला पडदा रात्री अकरापर्यंत चालू आणि शाळेतला बंद.

तेव्हा ग्रामसभेत एकच ठराव मांडायचा आहे: थकबाकी भागवून शाळेचं वीजबिल इथून पुढे ग्रामपंचायतीने भरावं. हात वर करायला माणसं लागतील. समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत आणि निम्म्या बाया असाव्यात असा शिक्षण हक्क कायदाच आहे, त्यामुळे आयाबहिणींनी मागे सतरंजीवर बसून राहू नये. शहरातल्या मंडळींना हात जोडून विनंती, की आणखी एक टीव्ही पाठवू नका. त्याच पैशांत बॅटरी येईल, दुरुस्ती होईल. घेण्याआधी बाईंना एक फोन करा, काय बंद आहे ते विचारा.

आणि गावात वायरिंगची कामं करणारी चार पोरं आहेत, ती या शाळेतच शिकली. झेंडावंदन झालं की आम्ही कपाट उघडणार आहोत, कशात अजून जीव आहे ते बघायला. पोरांनो, येताना टेस्टर आणि मल्टिमीटर घेऊन या. शाळेत वीज नसली तरी शेजारच्या घरातून तासभर वायर ओढायची सोय केली आहे, घरमालकाला विचारूनच.