जोडीदारांची कुस्ती : दोष पोट्ट्यांचा की इनामाचा?

दिवाळी झाली, कापसाचे पहिले वेचे घरात आले की आपल्याकडे आमदंगलीची पत्रके वाटायला सुरुवात होते. गेल्या हंगामात हरभऱ्याच्या बियाण्याच्या कामाने एका गावी गेलो होतो. काम आटोपले तर आखाड्याभोवती माणूस मावत नव्हता. म्हटले, दोन कुस्त्या पाहूनच निघावे.

शेवटून दुसरी कुस्ती लागली. दोन्ही पोट्टे वीस-एकवीसचे, अंगाने एकसारखे. दंगल कमिटीने हात पाहिले, वजनाचा अंदाज घेतला आणि जोड लावून दिली. दहा मिनिटे झाली, तरी डोक्याला डोके लागलेलेच. कोणी पट काढला की दुसरा सुटायचा, पुन्हा डोक्याला डोके. मागून कोणीतरी ओरडले, "काऊन बे, गळाभेटीले आले का?" हशा पिकला. शेवटी पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली आणि तीन हजारांचे इनाम अर्धे-अर्धे वाटून दिले. लोक म्हणाले, "नुरा कुस्ती होती बाप्पा, आधीच वाटून घेतले होते."

नंतर चहाच्या टपरीवर तेच दोघे एका मोटरसायकलवर बसताना दिसले. चौकशी केली, तर दोघेही एकाच आखाड्याचे निघाले. रोज सकाळ-संध्याकाळ एकमेकांशीच जोर करणारे. एकाच्या घरी चार एकर कोरडवाहू, दुसऱ्याच्या घरी तीन. मी सरळच विचारले. मोठा गप्प राहिला. लहाना म्हणाला, "साहेब, पडलो असतो तं पेट्रोलचे पैसेही घरून गेले असते. अन् याले पाडलं असतं, तं उद्या जोर कोणासंग करू?"

त्या पोट्ट्यांचे चुकलेच. गावाने वर्गणी दिली ती खऱ्या कुस्तीसाठी. निकाल दडवून ठेवणे म्हणजे बियाण्याच्या पिशवीत दुसरेच बी भरण्यासारखे आहे. पण पीक बिघडले तर आपण फक्त रोपाला दोष देत नाही, जमीनही तपासतो. म्हणून आधी इनामाचा हिशेब पाहू.

इनाम तीन हजार. जिंकला तर तीन हजार, हरला तर शून्य, बरोबरीत सुटली तर दीड-दीड हजार. समोरचा तोडीस तोड असेल तर जिंकण्या-हरण्याची शक्यता निम्मी-निम्मी. म्हणजे जीव तोडून लढले तरी सरासरीने पदरात दीड हजारच. तेवढेच पैसे न लढता मिळतात आणि खांदा, गुडघाही शाबूत राहतो. या पोरांना पगार नाही. दूध, तूप, बदाम घरच्या शेतावर. गावोगाव फिरून जे मिळेल ते त्यांचे. अशा पोराने बरोबरी धरली, तर त्याने आपणच ठरवलेल्या दराने व्यवहार केला, एवढेच.

दुसरीही बाजू आहे. जोडीदारांची प्रत्येक संथ कुस्ती नुरा नसते. रोज अंगाला अंग लावणाऱ्यांना एकमेकांचे सगळे माहीत असते. हा उजवा पाय पुढे टाकतो, तो ढाकेला जाण्याआधी मान दाबतो. डाव सुरू होण्याआधीच त्याची तोड हजर असते. अनोळखी मल्लावर चालणारा डाव जोडीदारावर फुकट जातो.

मग अशांची कुस्ती निकाली होतच नाही काय? होते, आणि मोठ्या मैदानात झाली आहे. 7 जानेवारी 2020 रोजी पुण्याच्या बालेवाडीत महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती झाली. एका बाजूला नाशिककडून उतरलेला हर्षवर्धन सदगीर, दुसऱ्या बाजूला लातूरचा शैलेश शेळके. दोघेही कात्रजला अर्जुन पुरस्कारविजेते काका पवार यांच्या तालमीत तयार झालेले. वस्ताद एक, माती एक. गदा कोणीही घेतली तरी तालमीतच जाणार होती. तरी दोघे शेवटापर्यंत लढले. अखेरच्या काही सेकंदांत हर्षवर्धनने दोन गुण घेतले आणि 3-2 ने जिंकला. जिंकल्यावर त्याने हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून घेतले. महाराष्ट्राने ते पाहिले.

तीन वर्षांनी, 14 जानेवारी 2023 ला, पुण्यातच कोथरूडला पुन्हा तसेच झाले. शिवराज राक्षे आणि महेंद्र गायकवाड हेही त्याच तालमीचे. लोकांना वाटले कुस्ती लांबणार. शिवराजने मिनिटाच्या आत महेंद्रला चितपट केले. म्हणजे जोडीदाराची कुस्ती लांबलीच पाहिजे असेही नाही.

तिथे घडते, मग आपल्या दंगलीत का घडत नाही? तिथे कुस्तीला वेळ बांधलेला असतो. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. जो नुसता टाळाटाळ करतो त्याला पंच ताकीद देतात, मग तीस सेकंदांची मुदत देतात. त्या मुदतीत कोणीच गुण घेतला नाही तर समोरच्याला गुण जातो. बरोबरीचा रस्ताच बंद. आणि हरणारा रिकाम्या हाताने घरी जात नाही. 2023 ला शिवराजला थार गाडी आणि पाच लाख मिळाले, तर हरलेल्या महेंद्रला ट्रॅक्टर आणि अडीच लाख.

पोरे हल्ली टीव्हीवर परदेशी कुस्ती पाहतात. तिथेही नवशिके मल्ल एकाच गुरूकडे शिकतात आणि सुरुवातीची वर्षे एकमेकांशीच खेळत गावोगाव फिरतात. पण त्या कुस्तीचा निकाल आधी ठरलेला असतो. जोडीदाराला इजा न होऊ देता जोराने आपटल्यासारखे दाखवणे, हेच तिथले कसब. अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या कंपनीने 1989 साली न्यू जर्सी राज्यात स्वतःच कबूल केले की ही करमणूक आहे, स्पर्धा नाही. प्रेक्षकाला ते ठाऊक असते, म्हणून त्यात फसवणूक नाही. आपण मात्र पत्रकावर 'निकाली कुस्त्या' असे छापतो. छापले तर तसे वागले पाहिजे.

वर्धा जिल्ह्याला कुस्ती नवी नाही. देवळीचे रामदास तडस आखाड्यातून पुढे आले आणि 2014 ते 2024 वर्धेचे खासदार राहिले. 2025 च्या जानेवारीत महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा देवळीतच झाली. आता पोरीही आखाड्यात उतरत आहेत. तेव्हा सरपंच, पोलीस पाटील आणि दंगल कमिटीच्या मंडळींनी काही गोष्टी यंदाच ठरवून घ्याव्यात.

पहिली गोष्ट, इनामाची वाटणी. तीन हजारांच्या कुस्तीत जिंकणाऱ्याला दोन हजार, हरणाऱ्याला एक हजार. बरोबरीत सुटली तर दोघांना फक्त पाचशे-पाचशे आणि उरलेले दोन हजार लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांना. हरण्यापेक्षा बरोबरी स्वस्त पडली की डोक्याला डोके लावून कोणी उभे राहणार नाही. खर्च मात्र तेवढाच, एक रुपया जास्तीचा नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. सहा मिनिटे कुस्ती, नंतर गुणावर. पहिला गुण घेईल तो विजयी. हा नियम कुस्ती लागण्याआधी दोन्ही पोरांना आणि लोकांनाही ऐकू जाईल असा भोंग्यावरून सांगावा. पंच गावातल्या वजनाचा नको, कुस्ती समजणारा हवा.

तिसरी गोष्ट, जोड लावताना 'कोणत्या आखाड्याचा?' हे विचारावे. दोघे एकाच ठिकाणचे असतील तर वस्तादांना विचारल्याशिवाय जोड लावू नये. दुसरा जोड मिळत असेल तर तो द्यावा. नसेल आणि वस्ताद हो म्हणाले, तर 'दोघे एकाच आखाड्याचे आहेत' असे लोकांना सांगून कुस्ती लावावी. मग प्रेक्षकही हुर्यो करण्याऐवजी तोडीवर तोड कशी बसते ते पाहतील.

वस्तादांनाही एक विनंती. जोडीदाराला पाडणे हा मैत्रीचा घात नाही, हे पोरांना तुमच्याच तोंडून कळले पाहिजे. सकाळी जो आपल्याला दहादा पाडतो, त्यानेच आपल्याला तयार केलेले असते. संध्याकाळी दंगलीत त्याच्याशी हात राखून लढलो, तर त्याच्या मेहनतीचाही अपमान होतो.

त्या दोघांचे नाव मी विचारले नाही. यंदाही ते एका मोटरसायकलवर कोणत्या तरी गावी येतील आणि कमिटी बहुधा त्यांचीच जोड लावेल. म्हणून पत्रक छापायला टाकण्याआधी कमिटीची एक बैठक घ्या आणि इनामाच्या आकड्याखाली हरणाऱ्याचा आकडाही छापा.