मामंजींचं वजन किती होतं?

साताऱ्याहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. मामंजी शहात्तर वर्षांचे. न्यूमोनियानं अतिदक्षता विभागात आहेत, तोंडात श्वासाची नळी. दुसऱ्या दिवशी आहारतज्ज्ञ बाई बाहेर येऊन विचारू लागल्या, तीन महिन्यांपूर्वी वजन किती होतं, जेवण कधीपासून कमी झालं? ‘दोन वेळचं ताट मीच वाढते हो, आणि मलाच सांगता येईना! वर नळीतून इवलंसंच देतात. घरून पेज नेली तर आत घेऊ दिली नाही. उपाशी ठेवताहेत का त्यांना?’

ताई, उपाशी ठेवत नाहीत. आणि ते प्रश्न तुम्हाला दोष द्यायला नव्हते. मामंजी बोलू शकत नाहीत, मग सांगणार कोण? तिथं काट्यावरचं वजनही फसवं असतं. सलाइनच्या पाण्यानं अंग सुजतं, वजन वाढलेलं दिसतं आणि आतला माणूस झिजत असतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनमधल्या एका अभ्यासात अत्यवस्थ रुग्णांच्या मांडीचा एक स्नायू दहा दिवसांत सरासरी १८ टक्क्यांच्या आसपास बारीक झालेला आढळला. मुळात कमी खाणारं म्हातारं माणूस अशा वेळी कुठून भर काढणार?

म्हणून आल्या आल्या कुपोषणाचा धोका तपासतात. एका पद्धतीत तीन महिन्यांत ५ टक्के वजन उतरलं की गुण धरतात. म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलो. सत्तरी गाठलेली असली की आणखी एक गुण. एकूण तीन झाले की धोका आहे असं समजून आहाराची आखणी करतात. वृद्धांसाठीच्या दुसऱ्या तपासणीत भूक, वजन, हिंडणं-फिरणं, अलीकडचं आजारपण, विसराळूपणा किंवा उदासी असं विचारतात. वजन-उंची मिळत नसेल, तर पोटरीचा घेर मोजतात. तो ३१ सेंटिमीटरहून कमी भरला तर एकही गुण मिळत नाही, आणि या तपासणीत गुण जितके कमी तितकी काळजी जास्त. (सुजलेल्या पायावर हे माप खरं येत नाही बरं का.) आणखी एक पद्धत आहे, तिच्यात वय आणि आजार किती गंभीर हेच पाहतात, खाण्याचा प्रश्नच नाही. तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं नाही, तरी आपण होऊन सांगावं.

वजन आठवत नाही ना? मग पायजम्याची नाडी किती आवळावी लागायची ते आठवा. अंगठी सैल झाली होती का? कवळी हलायला लागली होती का? ‘भूक नाही’ म्हणत चहा-बिस्किटावर किती दिवस काढले? एकादशी, चतुर्थी, श्रावणातले सोमवार सगळे धरत होते का? आपल्याकडे म्हातारपणी जेवण तुटलं की ‘वयच झालं आता’ म्हणून आपण सोडून देतो. मीही माझ्या सासूबाईंच्या बाबतीत तेच केलं होतं, हे कबूल करते.

आता ‘इवलंसं’ का, ते. बरेच दिवस पोटात फारसं गेलेलं नसेल आणि एकदम भरपूर दिलं, तर रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम झपाट्यानं उतरतं आणि त्याचा ताण हृदयावरही येतो. म्हणून थोड्यापासून सुरुवात करून, रक्त तपासत, रोज वाढवत नेतात. ‘आठ दिवस जेवलेच नव्हते’ हे तुमच्याकडून कळलं, तर ती चढण ते जपून आखतील. ‘चांगलं जेवायचे’ असं भिडेखातर सांगू नका. पेज परत पाठवली तीही बरोबर. अशा अवस्थेत तोंडानं दिलेला घास श्वासनलिकेत उतरू शकतो. नळी काढल्यावरही गिळता येतं का ते पाहून मगच परवानगी देतात, तेव्हा चोरून चमचाभरही देऊ नका.

उद्या जाताना एका कागदावर जुनं वजन, जेवणाची हकिकत, चालू गोळ्या आणि मधुमेह असेल तर तो, एवढं लिहून न्या. जुनं वजन डॉक्टरांच्या मागच्या चिठ्ठीवर बहुधा सापडेल. घरी आले की दर महिन्याच्या एक तारखेला वजन करून कालनिर्णयावर, दुधाच्या हिशेबाशेजारी मांडत जा. आणि कवळीचं विचारलंत ते: ती धुऊन, नाव घातलेल्या डबीत पाण्यात ठेवा. मामंजी जेवायला लागल्यावर सैल वाटली, तर दंतवैद्याकडून बसवून घ्या.