वेढ्यातला शिपाई आणि गावाकडचा दावा

१/ डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६. मेसोपोटेमियात कुत-अल-अमारा येथे तुर्की फौजेने सहावी (पुणे) डिव्हिजन कोंडून धरली होती. तीत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. हा वेढा पुष्कळांनी वर्णिला आहे. त्याच महिन्यांत साताऱ्याकडच्या एखाद्या दिवाणी न्यायालयात अशा शिपायावर सावकाराने दावा लावला असता तर काय झाले असते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

२/ प्रतिवादी गैरहजर, म्हणून एकतर्फी हुकूमनामा. मागोमाग जप्ती आणि लिलाव. दख्खनला हा क्रम चांगला परिचित होता. १८७५ मध्ये सुप्याला सावकारांवर उठाव झाला, तो कर्जाच्या आणि कोर्टकचेरीच्या याच जाचातून. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने रजा न मिळणाऱ्या सैनिकाला आपल्या वतीने दुसऱ्याला उभे करण्याची मुभा दिली होती खरी. पण तुर्कांच्या कैदेतल्या माणसाला समन्स पोहोचवणार कोण?

३/ युद्धाला चार वर्षे होत आली तेव्हा, १९१८ मध्ये, ‘इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) ॲक्ट’ झाला. त्याची जागा १९२५ च्या त्याच नावाच्या कायद्याने घेतली. प्रतिवादी मोहिमेवर असल्याचे विहित प्राधिकाऱ्याने प्रमाणित केले की न्यायालयाने दावा तहकूब करायचा. गैरहजेरीत हुकूमनामा झालाच, तर तो रद्द करून घेण्याची वाटही ठेवली होती.

४/ सैनिकावरील उपकार म्हणून या कायद्याचे कौतुक होते. ते अर्धेच खरे आहे. १९२५ च्या कायद्यात मुदतीविषयी एक कलम आहे: मोहिमेवरचा काळ मुदतीच्या गणनेतून वगळायचा. पक्षकारांपैकी एक सैनिक असला की पुरे. दावा त्याने केलेला असो वा त्याच्यावर. म्हणजे शिपाई आघाडीवर असताना सावकाराचे येणेही मुदतबाह्य होत नाही. व्याजाविषयी कायदा मौन पाळतो. दावा थांबतो, व्याज चढत राहते. अमेरिकेने १९४२ मध्ये सेवेपूर्वीच्या कर्जावरील व्याज सेवाकाळापुरते ६ टक्क्यांवर रोखले. कायदा करणाऱ्यांना हे सुचणे अशक्य नव्हते, एवढे त्यावरून दिसते.

५/ स्वतंत्र भारताच्या १९५० च्या सेना अधिनियमातही याच जुन्या विचाराची छाया आहे. कलम २९ नुसार सैनिकाला कर्जापायी अटक होत नाही. कलम २८ न्यायालयाच्या जप्तीतून काय सोडवते, ते मुळातून वाचण्याजोगे आहे: शस्त्रे, कपडे, साजसरंजाम, कर्तव्यासाठी वापरायचे जनावर, पगार आणि भत्ते. राज्याला रणांगणावर जे लागते, ते सारे या यादीत आहे. गावाकडची जमीन तीत नाही.