आफ्रिका खंड आणि जमिनीचा खंड

गणपतीच्या विसर्जनानंतर दुसऱ्याच दिवशीं, पंगत उठल्यावर, आमच्या पुतण्यानें माजघरांत सर्वांदेखत एक प्रस्ताव मांडला. पुढील वर्षीं दिवाळीच्या सुटींत घरांतील नऊहि माणसांनीं आफ्रिकेस जावें. चार-पांच दिवस सिंह-हत्ती पाहावे, चार-पांच दिवस समुद्रकांठीं विसावा घ्यावा, आणि हें सारें उत्तम बडदास्तीनें व्हावें. खर्चाचा आंकडा ऐकून वहिनींची सुपारी अडकित्त्यांतच राहिली. एवढ्या पैशांत तुझ्या आजोबांनीं वाडा बांधला असता, असें आम्ही बोलून गेलों. त्यावर सूनबाई शांतपणें म्हणाल्या, "काका, आजोबांनीं पाथरवटाला काय दिलें, सुताराला काय दिलें, तें सगळें वहींत लिहून ठेवलें आहे. आपला पैसाहि कोणाच्या हातीं पडतो तें पाहूनच जाऊं. तें पाहण्याचें काम तुम्ही घ्या." पेन्शनीतल्या मास्तराला काम दिलें कीं तो गप्प बसतो, हें आमच्या घरीं सर्वांस ठाऊक आहे.

'सफारी' हा शब्द साहेबी वाटतो. पण तो स्वाहिली भाषेंतील असून मूळ अरबी आहे, आणि आपली 'सफर' ती हीच. स्वाहिलींत पैशाला 'पेसा' म्हणतात व गाडीला 'गारी'. मोसमी वाऱ्यांच्या आधारानें आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील गलबतें शतकानुशतकें तिकडे जात असत. तेव्हां तो देश आपण समजतों तितका परका नाहीं.

दोन प्रवासी कंपन्यांकडून आम्हीं आराखडे मागविले. पहिल्यांत दहा दिवसांत दोन देश, चार अरण्यें व एक बेट. म्हणजे मुलें सिंहांपेक्षां विमानतळच अधिक पाहणार. दुसऱ्यांत एकच देश, एकच कुरण आणि एकच किनारा. दोघांनाहि आम्हीं एकच प्रश्न लिहून पाठविला: आमचा तंबू ज्या जमिनीवर उभा राहणार ती कोणाची, आणि तिच्या धन्यास काय मिळतें? पहिल्याकडून उत्तरादाखल एका स्नानकुंडाचें रंगीत चित्र आलें. दुसऱ्यानें दोन पानी पत्र लिहिलें. जुन्या सवयीनें आम्हीं पहिल्यास शून्य गुण देऊन कागद बाजूस ठेवला, आणि पत्रांतील मजकूर पुस्तकांशीं ताडून पाहिला. तो वाचकांपुढें मांडण्याजोगा आहे.

केनियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांत मासाई-मारा हें प्रसिद्ध राखीव वन आहे. टांझानियांतील सेरेंगेटीच्या मैदानांतून विल्डेबीस्ट नांवाचीं दहा लाखांहून अधिक जनावरें गवताच्या शोधांत फिरत असतात, आणि साधारणतः जुलै ते ऑक्टोबर या काळांत त्यांचे कळप मारा नदीच्या आसपास येतात. तो उतार पाहण्यासाठीं घाटांवर मोटारींची अशी रीघ लागते कीं जनावरांना पाण्यांत उतरण्यास वाट सांपडूं नये. २०२४ पासून जुलै ते डिसेंबर या महिन्यांत परदेशी प्रवाशास दिवसाला २०० डॉलर प्रवेशशुल्क पडतें, तरी गर्दी आहेच.

या वनाच्या उत्तरेस मासाई गुराख्यांच्या जमिनी आहेत. पूर्वीं त्या सामाईक होत्या. पुढें त्यांच्या वाटण्या झाल्या आणि प्रत्येकाच्या नांवें स्वतंत्र कागद झाला. वाटणी म्हटली कीं कुंपण आलें, हें एकत्र कुटुंबांतील माणसास सांगणें नलगे. आणि कुंपणें पडलीं म्हणजे जनावरांच्या वाटा बंद. तेव्हां कित्येक धन्यांनीं आपापले तुकडे पुन्हां एकत्र करून तंबूवाल्यांस भाडेपट्ट्यानें दिले. २०१० सालीं झालेलें 'नाबोइशो' हें असेंच एक संरक्षित क्षेत्र: सुमारें ५०,००० एकर जमीन आणि पांचशेंहून अधिक मासाई धनी. जनावर दिसो वा न दिसो, प्रवासी आज कमी येवोत वा अधिक, धन्यास त्याच्या जमिनीचा ठरलेला खंड मिळतो.

खंड हा शब्द वाचतांच आम्हांस वडिलांची लोखंडी ट्रंक आठवली. १९५७ च्या १ एप्रिलला कुळें जमिनींचीं मालक झालीं. पण खंडाच्या जुन्या पावत्या वडिलांनीं कधीं टाकल्या नाहींत, आणि त्या हळहळीपलीकडे जाऊन कुळाच्या बाजूनें पाहावयास आम्हांसहि बरीच वर्षें लागलीं. माऱ्यांत सारें उलट आहे. गुराखी हा मालक, आणि मऊ गादीवर निजणारा पाहुणा हें कूळ! तंबूंची संख्या जमिनीच्या मानानें बेताची ठेवितात, एका सिंहाभोंवतीं पांचांहून अधिक मोटारी उभ्या करूं देत नाहींत. दर चढा असतो तो याच मोकळेपणाचा. महागाईचें समर्थन आम्हांस आयुष्यांत प्रथमच पटलें.

अर्थात् हा व्यवहार निर्दोष नाहीं. कागदावर बहुधा पुरुषांचींच नांवें. ज्याची जमीन नाहीं त्यास खंडहि नाहीं. आणि गुरें कोठें व केव्हां चारावीं यावर धन्यांसच निर्बंध पाळावे लागतात. २०२० सालीं साथीनें प्रवासी थांबले तेव्हां खंडाला कात्री लागली. पाहुण्यावर सर्वस्वीं अवलंबून राहणाऱ्या घराची जी स्थिति होते, तीच त्यांची झाली.

पहिल्या आराखड्यांत टांझानियांतील न्गोरोंगोरोचें विवर होतें, आणि त्यावरून पुतण्याशीं आमचा वाद झाला. सेरेंगेटीचें राष्ट्रीय उद्यान करतांना १९५९ सालीं मासाईंना तेथून हलवून न्गोरोंगोरोस वसविलें; २०२२ पासून तेथूनहि त्यांना दूर मसोमेरा येथें नेण्याची खटपट चालू झाली; आणि त्याच वर्षीं जूनमध्यें, जवळच्या लोलिओंदोंत सरकार हद्दीचे खुंटे ठोकीत असतां, चकमक होऊन कित्येक कुटुंबें केनियांत पळालीं. ज्यांना उठविलें त्यांच्या अंगणांत बसून चहा घेणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. पुतण्याचें म्हणणें असें कीं तेथील वाटाड्ये, आचारी, मोटारवाले यांचीहि पोटें आहेत, आणि आपण न गेल्यानें उठविलेला माणूस परत येत नाहीं. त्याचें म्हणणें खोटें नाहीं. तरीहि न्गोरोंगोरोवर आम्हीं काट मारली.

समुद्रासाठीं वाटामू ठरलें. नैरोबीहून मोंबासापर्यंत २०१७ पासून नवी आगगाडी धांवते, तिनें जावें असा आमचा आग्रह. तिच्या शेजारच्या जुन्या लोहमार्गासाठीं १८९६ पासून आपल्या देशांतून सुमारें ३२,००० मजूर नेले होते; त्यांतील अडीच हजारांच्या आसपास तिकडेच दगावले. मुलांनीं तो मुलूख खिडकींतून पाहावा. वाटामूस १९६८ पासून राखीव असलेलें प्रवाळांचें सागरी उद्यान आहे, गेडी येथें १७ व्या शतकांत ओस पडलेल्या स्वाहिली नगराचे अवशेष आहेत, आणि मिडा खाडींत खारफुटीवरून जाणारा लांकडी पूल आहे. त्या पुलावर जें शुल्क घेतात त्यांतून आसपासच्या गरीब मुलांना माध्यमिक शाळेसाठीं शिष्यवृत्त्या मिळतात. हें वाचून आमची वाटामूविषयींची सगळी कुरकुर संपली. जवळच मालिंदी, १४९८ सालीं वास्को-द-गामास कालिकतची वाट दाखविणारा वाटाड्या मिळाला तो याच बंदरांत.

मे महिन्याच्या सुटीचा विचार प्रथमच सोडला, कारण मार्च ते मे तिकडे मोठा पाऊस. दिवाळीपर्यंत कळप बहुधा परत फिरलेले असतात. परंतु सिंह, हत्ती व जिराफ तेथलेच रहिवासी आहेत. शाकाहाराची सूचना आधीं दिली कीं आचारी सोय करितात. लहान विमानांत दर माणशीं १५ किलोंहून अधिक ओझें चालत नाहीं, आणि तेंहि मऊ पिशवींत. प्लॅस्टिकच्या पिशव्यांस केनियांत २०१७ पासून बंदी आहे.

एक गोष्ट मात्र आराखड्यांत बसेना. केनियाहून परततांना पीतज्वराच्या लशीचा दाखला नसेल तर आपलें सरकार सहा दिवसांपर्यंत विलगीकरणांत ठेवूं शकतें. आणि साठी उलटलेल्या माणसास ही लस प्रथमच टोचतांना गंभीर अपायाचा संभव वाढतो. वहिनी चौऱ्याहत्तरच्या. डॉक्टरांनीं त्यांना स्पष्ट नकार दिला, आम्हांस म्हणाले, "मास्तर, तुमची प्रकृति बरी आहे, पण विचार करून ठरवा." ज्यांनीं चाळीस वर्षें या घराचा स्वयंपाक सांभाळला, त्यांना एकटें ठेवून सिंह पाहावयास जाणें आम्हांस रुचत नाहीं, असें आम्हीं घरीं सांगितलें. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं जुन्या सतरंज्या काढून प्रवासासाठीं मऊ पिशव्या शिवावयास घेतल्या आहेत. काल आम्हीं मोजल्या, तर आठ होत्या, आणि एकीवर लाल दोऱ्यानें आमचें नांव घातलें होतें.